मुंगी सरांनी भिंतीलगत घातलेली तार

'मुंगी' हे कुणाचं आडनाव असू शकतं हे आमच्या शाळेतल्या हिंदी पोरांना पटायचंच नाही. कुणा मराठी पोरानं त्याचा अर्थ फोडून सांगितला आणि चांगले उंच, काटकुळे मुंगी सर कायमचे 'चींटी सर' झाले. सरांना ते ठाऊक होतं. एकदा फळ्यावर कुणीतरी भली मोठी मुंगी काढून ठेवली. सरांनी ती नीट पाहिली, "कीड़ा है तो पैर छह होंगे, आठ क्यों बनाए?" म्हणून दोन पाय पुसले, आणि चित्र तसंच ठेवून उरलेल्या जागेत धडा शिकवला.

आमची शाळा माधव नगरात. सर फिजिक्स शिकवायचे, मी संस्कृत. राहायलाही आम्ही एकाच इमारतीत, तळमजल्यावर, दाराला दार. मी लग्न होऊन साताऱ्याहून उज्जैनला आले तेव्हा मला हिंदीचं एक वाक्य धड बोलता येत नव्हतं. सरांच्या पत्नीनं, मालूताईंनी, मला घोसाळ्याला इथे गिलकी म्हणतात, पोह्यांवर जिरावन नावाचा मसाला भुरभुरतात इथपासून भाजीवाल्याशी भांडायचं कसं इथपर्यंत सगळं शिकवलं. त्यामुळे हे घर मला माहेरासारखंच होतं. आता दोघंही नाहीत. त्यांच्या दाराला दुसऱ्याच कुणाची पाटी आहे आणि मी येता-जाता मान वळवून जाते.

सरांचा एक हट्ट होता. मुलांनी काही पाहिल्याशिवाय ते व्याख्या सांगायचे नाहीत. "व्याख्या पळून जात नाही. आधी बघ, बोटानं दाखव, मग तोंड उघड." प्रश्न विचारला की वर्गाकडे पाठ करून खिडकीशी उभे राहायचे आणि उत्तर येईपर्यंत वळायचे नाहीत. आवाज कधी चढवायचे नाहीत. मागच्या बाकावरच्यांना ऐकू येत नसेल तर त्यांनी पुढे यावं, हा त्यांचा नियम. रस्त्यानं जाताना खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरखाली स्कूटर थांबवायचे आणि मागे बसलेल्या मालूताईंना म्हणायचे, "ऐक, कसा गुणगुणतोय." मालूताई म्हणायच्या, "लोक बघून राह्यले, चला."

मला स्वतःला विजेतलं काही म्हणजे काही कळत नसे. एकदा स्टाफरूममध्ये सर लाकडी रिळांवर गुंडाळलेल्या दोन कॉइल मांडून बसले होते. एकीला बॅटरी आणि बटण जोडलेलं, दुसरीला काटा हलणारं यंत्र. दोघी शेजारी शेजारी, पण मध्ये चांगली बोटभर फट.

"सर, ह्या दोघींना जोडणारी तार राहिली की."

"राहिली नाही. नाहीच आहे."

"मग?"

"मग दाब बटण."

मी दाबलं. पलीकडच्या काट्यानं टुणकन उडी मारली आणि परत शून्यावर येऊन बसला. मी बटण दाबून ठेवलं. काटा ढिम्म.

"बिघडलं वाटतं," मी म्हटलं.

"आता सोड."

सोडलं, तर काट्यानं उलट्या बाजूला उडी मारली. मी लहान मुलीसारखी ते बटण दाबत-सोडत बसले. माझं समाधान झाल्यावर सर म्हणाले, "तारेतून वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकपणा तयार होतो. तारेची वेटोळी केली की तो एकवटतो, आणि शेजारच्या कॉइलच्या पोटातूनही जातो. तो वाढत असतो किंवा कमी होत असतो, तेवढाच वेळ त्या दुसरीत वीज उठते. स्थिर झाला की ती गप्प. बॅटरी कितीही मोठी लाव. नुसती चालू ठेवलीस तर पलीकडे काही पोचत नाही. बदल पोचतो."

"म्हणजे सारखं चालू-बंद करत बसायचं?"

"घरात येते ती वीज दुसरं काय करते? सारखी इकडून तिकडे, तिकडून इकडे. म्हणून तर तो खांबावरचा ट्रान्सफॉर्मर चालतो. त्यातही ह्याच दोघी आहेत." मग त्यांनी दुसरी कॉइल उचलून आडवी ठेवली. "आता दाब."

काटा हललाच नाही.

"दोघींनी एकमेकींकडे तोंड करून बसायला हवं. एक आडवी झाली की पहिलीचा चुंबकपणा तिच्या पोटातून जातच नाही. बाजूनं निघून जातो."

सर रोज शाळेतून आले की चहा घ्यायचे आणि मालूताईंना अख्खा दिवस सांगायचे. नववीच्या वर्गात कुणी काच फोडली, लॅबच्या चाव्या कुणी हरवल्या, प्रिन्सिपल कुणावर उखडले. ह्यात काही रंगवून सांगणं नसायचं, पण एकही गोष्ट गाळलेली नसायची. मालूताई भाजी निवडत ऐकायच्या आणि मध्येच एखादा असा प्रश्न टाकायच्या की सरांना पुन्हा मागे जावं लागे. त्यांच्या घरातला हा तास मला आमच्या दाराआडूनही कळायचा.

मग मालूताईंचे कान जायला लागले. आधी कुकरची शिट्टी, मग फोनवरची लेक, मग समोरचं माणूस. इंदूरहून कानामागे लावायचं यंत्र आणलं. त्यानं सगळंच मोठं केलं: पंखा, भांडी, रस्त्यावरचे हॉर्न, आणि ह्या सगळ्याच्या तळाशी कुठेतरी बोलणं. देवासला एका लग्नात बँडवाले सुरू झाले तशी मालूताईंनी यंत्र काढून पर्समध्ये टाकलं आणि जेवणं होईपर्यंत हसऱ्या चेहऱ्यानं बसून राहिल्या. त्यानंतर त्यांनी बाहेर जाणं सोडलं. भजनाला जाणं सोडलं. मला एकदा म्हणाल्या, "सुधा, ऐकू येत नाही त्याचं काही नाही गं. पण हल्ली माझ्याशी बोलताना सगळ्यांचे चेहरे रागावल्यासारखे दिसतात." ओरडून बोलणाऱ्याचा चेहरा कसा होतो ह्याचा मी तोवर विचारच केला नव्हता.

हळूहळू त्यांचं स्वतःचं बोलणंही आटलं. सरांचा चहानंतरचा तास संपला. "हिला सांगितल्याशिवाय दिवस झाला असं वाटतच नाही," सर मला जिन्याशी म्हणाले, आणि लगेच स्कूटरचं काहीतरी बघायला खाली वाकले.

एका रविवारी सर यंत्र पुसायला बसले होते. थोड्या वेळानं आमचं दार वाजलं. सरांच्या तळहातावर ते यंत्र, आणि चेहरा लग्न ठरल्यासारखा.

"सुधा, हिच्या कानात कॉइल आहे!"

यंत्राच्या पाठीवर एक इवलंसं बटण होतं. एका बाजूला एम, दुसऱ्या बाजूला टी. एमवर ठेवलं की यंत्राचा माईक आजूबाजूचं सगळं ऐकतो. टीवर टाकलं की माईक बंद, आणि केसाहून बारीक तारेची एक कॉइल चालू. टेलिफोनसाठी ठेवलेली असते ती. सरांनी पुढचं बोटानं हवेत काढून दाखवलं. "मी माईकमध्ये बोलतो. अँप्लिफायर माझ्या आवाजाबरहुकूम तारेत वीज सोडतो. ती तार मी खोलीभोवती फिरवतो. म्हणजे खोलीच एक मोठी कॉइल झाली, आणि ही तिच्यात बसली आहे, कानामागे छोटी कॉइल घेऊन. माझा आवाज थरथरतो, तशी वीज थरथरते, तसा चुंबकपणा, आणि तशीच वीज हिच्या कॉइलमध्ये. पंखा त्यात नाही. कुकर नाही. ते माईकमध्ये बोलत नाहीत ना!"

उज्जैनमधल्याच देवास गेटला लाउडस्पीकर भाड्यानं देणाऱ्याकडून त्यांनी जुना अँप्लिफायर आणला. संध्याकाळपर्यंत गुडघ्यांवर बसून भिंतीलगत तार चिकटवली. मालूताई खुर्चीत बसल्या, यंत्र टीवर. सर बोलले. मालूताईंनी मान हलवली, काही नाही. सर पुन्हा बोलले. काही नाही. सर खोलीच्या मध्यभागी उभे राहून तारेकडे बघत राहिले आणि एकदम कपाळावर हात मारून घेतला. वाटेत दार येत होतं म्हणून त्यांनी तार तीन भिंतींवरून नेली होती आणि आल्या वाटेनंच परत आणली होती. जाणारी वीज आणि येणारी वीज एकमेकींना चिकटून उलट्या दिशेनं चाललेल्या, म्हणजे एकीचं केलेलं दुसरी पुसून टाकणार. मी सरांना ते मालूताईंना लिहून दाखवताना पाहिलं. वाचून मालूताई कितीतरी दिवसांनी खळखळून हसल्या. "पोरांनी केलं असतं तर वर्गाबाहेर काढलं असतं ना?"

तार उंबऱ्याखालून गेली. खोलीला पुरता वेढा पडला. सर माईकमध्ये नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मालू."

मालूताईंनी मागे वळून पाहिलं. मग वर पाहिलं. मग हात वर केला, म्हणजे थांबा.

"अहो, पंखा बंद केला का?"

पंखा डोक्यावर गरगरत होता.

मी तिथून उठून आले. दोन म्हातारी माणसं रडत असताना तिथे बसणं बरं नव्हे.

चहानंतरचा तास परत आला. सर माईक घेऊन बसायचे, मालूताई टीवर. त्यांना कंटाळा आला की त्या मान खुर्चीच्या पाठीवर तिरकी टाकायच्या. कानातली कॉइल आडवी झाली की सरांचा आवाज बारीक होत जाई. "मालू, मान सरळ कर," सर म्हणायचे. "काय म्हणालात? ऐकू येत नाही," मालूताई म्हणायच्या आणि मला डोळा मारायच्या.

ते सुख फार टिकलं नाही. मालूताईंना पोटाचा आजार निघाला आणि तो शेवटचाच ठरला. इंदूरच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. लेक, अनघा, पुण्याहून आली. खाट तार फिरवलेल्या हॉलमध्येच घातली. सर माईक घेऊन खाटेशी बसले आणि बोलू लागले, तर यंत्र टीवर असूनही मालूताई छताकडे बघत पडलेल्या. अनघा मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "मावशी, आई आता ओळख देत नाहीये. बाबांना सांगा ना, नका बोलू."

आम्ही बाहेर येऊन बघतो तर सर बोलायचे थांबले होते आणि खाटेकडे एकटक बघत होते. मग ते उठले, तारेचं भेंडोळं आणलं, खाटेच्या उशाकडच्या भिंतीवर खिळे मारायला लागले. आजारी माणसाच्या डोक्याशी ठोकाठोक! अनघा अक्षरशः त्यांच्या हाताला धरून रडली. "बाबा, काय करून राह्यले तुम्ही?" सर म्हणाले, "अगं, ती आडवी झाली आहे. तिची कॉइल आडवी झाली आहे. आता मलाच उभं राहायला पाहिजे." भिंतीवर तारेचा मोठा चौकोन उभा राहिला. सर माईकमध्ये म्हणाले, "मालू, सुधानं आज पोह्यांवर शेव घातली नाही."

मालूताईंचे ओठ हलले. "तिला... जिरावन पण... आठवत नाही."

शेवटपर्यंत त्यांच्याजवळ तो आवाज होता. त्यांना ऐकू येणं कधी थांबलं ते कुणालाच सांगता येणार नाही. सर बोलत होते.

दिवसकार्य झालं, अनघा गेली. सरांनी भिंतीवरचा चौकोन काढला. जमिनीवरची तार मात्र राहिली. काही दिवसांनी संध्याकाळी मी डबा घेऊन गेले तर आतून सरांचा आवाज. अँप्लिफायरचा लाल दिवा लागलेला, समोर मालूताईंची रिकामी खुर्ची, आणि सर माईकमध्ये सांगत होते की गिलकी कडू निघाली आणि निवृत्त झाल्यापासून वर्गातली पोरं स्वप्नात येतात. मला बघून ते ओशाळले नाहीत.

"माझा भुताखेतांवर विश्वास नाही, तुला माहीत आहे," ते म्हणाले. "पण दुसरी कॉइल काढून घेतली तरी पहिलीत वीज वाहतेच. तिच्याभोवतीचा चुंबकपणा उठतोच. खोलीभर पसरतो. कुणाला कळत नाही, एवढंच. तेवढं मला पुरतं."

मी डबा ठेवला आणि घरी येऊन पोटभर रडले.

सरांच्या वर पोरवालजी राहतात. टावर चौकात त्यांचं कापडाचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. तेही कानानं अधू. एकदा त्यांनी मला जिन्यात थांबवलं, वर-खाली पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मैडमजी, किसीसे कहना मत. शाम को बहू का सीरियल चलता है ना, तो मैं मशीन का बटन टी पे कर देता हूँ. सब शांत. एक दिन उस शांति में कोई बोलने लगा. मैंने सोचा, महाकाल बोल रहे हैं. फिर सोचा, महाकाल मराठी में क्यों बोलेंगे?"

मला आधी हसू आलं, आणि मग मी सरांच्या बंद दाराकडे पाहिलं.

"सर हैं," पोरवालजी म्हणाले. "भाभीजी से बात करते हैं. मुझे नहीं सुनना चाहिए, जानता हूँ. पर बटन हटता नहीं मुझसे. मेरे घर में सब चिल्लाके बोलते हैं, मैडमजी. धीरे से कोई नहीं बोलता."

सांगावं तर सरांचा तो तास जाणार, न सांगावं तर ही चोरी. आम्ही दोघांनी जिन्यातच ठरवलं की गप्प बसायचं. आजही मला त्यात काही चूक वाटत नाही.

पण ते गुपित राहायचं नव्हतं. एका संध्याकाळी पोरवालजी अनवाणी धावत खाली आले आणि माझं दार बडवू लागले. "चाबी! सर की चाबी! बोलते-बोलते रुक गए, फिर धड़ाम!" माझ्याकडे सरांची जादा किल्ली असायची. आत सर खुर्चीशी पडले होते, घामानं निथळत, माईक हाताशी. साखर एकदम उतरली होती. दवाखान्यात नेलं, सलाइन लागलं, सर शुद्धीवर आले. आमच्या दोघांकडे बघून त्यांचा पहिला प्रश्न मास्तराचाच होता.

"दरवाज़ा बंद था. आपको कैसे पता चला?"

पोरवालजींना खोटं बोलता आलं नाही. मान खाली घालून त्यांनी सगळं सांगितलं.

"छताचा विचारच केला नाही मी," सर मराठीत, स्वतःशीच म्हणाले. "भिंत काय, छत काय, त्याला कुठं अडवतं? आयुष्यभर हेच शिकवलं." मग पोरवालजींना, अगदी हळू, "सब सुना आपने?"

"जितना समझ में आया. माफ़ करना, सर." पोरवालजींचे डोळे भरले होते. "पर एक बात कहूँ? आपकी आवाज़ बाहर से आती ही नहीं थी. अंदर से आती थी. मेरी घरवाली ने भी इतने पास से कभी बात नहीं की मुझसे."

घरी आल्यावर तो तास बंद झाला. दिवा लागेना. मला पोरवालजींचा राग यायचा, आणि ज्या माणसानं सरांचा जीव वाचवला त्याचा राग कुठल्या तोंडानं करायचा हेही कळायचं नाही. पोरवालजी एकदा खाली येऊन म्हणाले, "सर, मैं मशीन उतारके रख दूँगा, आप चालू करो." सरांनी त्यांना चहा दिला, विचारपूस केली, आणि तेवढंच. एकटं ठेवण्यात अर्थ नाही म्हणून अनघा त्यांना पुण्याला न्यायला आली. पुण्याला गेलेले सर परत आले नाहीत. तिथेच, पावसाळ्याच्या आत, गेले. मला फोनवर कळलं.

मी त्यांना नीट असं शेवटचं पाहिलं ते निघण्याच्या आदल्या संध्याकाळी. अनघा बाजारात गेली होती. सरांनी मला हाक मारली. गेले तर अँप्लिफायरचा दिवा लागलेला, आणि सर मालूताईंच्या खुर्चीत. हातात मालूताईंचं कानातलं यंत्र, नवी बॅटरी घातलेलं.

"पोरवालजी म्हणाले ते डोक्यातून जात नाही," सर म्हणाले. "इतके दिवस मी बोललो. ते तिला कसं ऐकू जात होतं, ते मी कधी ऐकलंच नाही. मी कायम माईकच्या बाजूला. तू बोल जरा. मोठ्यानं नको."

त्यांनी आवाजाचं चाक अगदी कमी केलं, बटण टीवर टाकलं, यंत्राच्या नळीचं टोक एका कानाशी धरलं आणि दुसरा कान तळव्यानं घट्ट दाबला. मी माईक उचलला. जन्मभर वर्गात बोललेली बाई मी, मला एक शब्द सुचेना.

"सर," मी म्हटलं, "चहा ठेवू का?"

ते दचकले. त्यांनी डोळे मिटले.

"अजून बोल."

"अनघाला यायला उशीर होईल. टावरवर गर्दी असेल. तुमचा स्वेटर बॅगेत वर ठेवलाय, गाडीत थंडी वाजेल."

"एवढ्या जवळ?" सर म्हणाले. डोळे मिटलेलेच, पण पापण्यांखालून पाणी येत होतं. "एवढ्या जवळ होतो मी तिच्या? आणि मी तिला काय सांगत बसलो, सुधा? काच कुणी फोडली. चाव्या कुणी हरवल्या."

मला सांगायचं होतं की सर, त्यांना तेच हवं होतं, त्या त्याचीच वाट बघत असायच्या, संध्याकाळ झाली की बटण टीवर टाकून. सगळं ओठावर होतं. पण आधी हुंदकाच बाहेर येणार होता, आणि तो त्यांना किती जवळून ऐकू जाईल हे लक्षात येऊन मी माईकचं बटण बंद केलं. सरांना ते दिसलं नाही. ते तसेच बसून राहिले, एक कान तळव्यानं झाकून, दुसऱ्या कानाशी ते यंत्र धरून, मान अगदी सरळ ठेवून, पुढचं ऐकायला थांबलेले.